हाड मोडलं नाही, मग काय झालं?

फलाटावर पाय मुरगळून दवाखान्यात आलेल्या माणसाला एकाच गोष्टीची धास्ती असते : हाड तर मोडलं नाही ना? एक्स-रे निघतो, डॉक्टर तो उजेडापुढे धरतात आणि म्हणतात, “फ्रॅक्चर नाही.” घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या, एक मलम आणि ‘आराम करा’ एवढ्यावर माणूस घरी जातो. आराम कसला, तिसऱ्या दिवशी तो सकाळच्या गाडीला उभा असतो. सहा महिन्यांनी तोच माणूस सांगतो, की खडबडीत रस्त्यावर पाय आपोआप आत वळतो, जिना उतरताना भरवसा वाटत नाही, संध्याकाळी घोटा सुजतो. त्याच्या फाईलमध्ये दुखण्याचं नाव कुठेच सापडत नाही. ‘फ्रॅक्चर नाही’ एवढीच नोंद असते.

हे पुस्तक त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आहे. हाडाला धक्का लागला नाही असं ठरल्यावर उरतं ते सगळं या पुस्तकात येतं : कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूवरचं आवरण, स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध, रक्तवाहिन्या आणि नसा. डॉक्टर या सगळ्याला मिळून ‘सॉफ्ट टिश्यू’ म्हणतात. एक्स-रे हाडाचा फोटो आहे. अस्थिबंध तुटला तरी त्यात तो दिसत नाही, स्नायू फाटला तरी दिसत नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला की तपासणी संपली असं मानण्याची जी सवय आपल्याला, डॉक्टरांना आणि रुग्णांनाही लागली आहे, तिच्याविरुद्ध मला इथे ठामपणे बोलायचं आहे. काय फाटलं, कुठे फाटलं, किती फाटलं आणि पुन्हा कधी पाहायचं, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आल्याशिवाय निदान झालं असं म्हणता येत नाही.

पुस्तक उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वाचकांसाठी आहे, कारण इथल्या जगण्यात हे मार पदोपदी आहेत. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर, अंबरनाथहून ६०. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या चाकरमान्याचे रोजचे काही तास गाडीत जातात, आणि त्यातला बराच वेळ एका पायावर भार, एक हात वरच्या कडीला, पाठीवरची बॅग पोटाशी अशा अवस्थेत जातो. बसायला मिळावं म्हणून अंबरनाथची माणसं आधी उलटी बदलापूरला जातात आणि त्याच गाडीने मुंबईकडे परततात. गाडी पुरती थांबण्याआधीच दारातून आत उड्या पडतात. पुढचा पाय गाडीबरोबर जातो, मागचा फलाटावर राहतो. त्या क्षणात घोटा आत वळतो, गुडघा पिळवटतो, किंवा दांडी धरलेल्या हाताला हिसका बसून खांदा ताणला जातो. रुग्ण सांगताना “गाडीत चढताना लागलं” एवढंच सांगतो. कोणता पाय कुठे होता, अंग कुठल्या बाजूला वळलं, हे त्याला विचारून घ्यावं लागतं. अर्धं निदान त्या उत्तरात असतं.

कामाचे मार वेगळे. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, मोरिवली आणि आनंदनगरच्या औद्योगिक वसाहती आहेत. बदलापूरला उभ्या राहणाऱ्या इमारतींवर सेंट्रिंगवाले आणि बिगारी आहेत. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि बराकीच्या खोलीतच घर आणि तिथेच कारखाना अशी रीत पडली. कॅम्पांमधल्या जीन्सच्या शिलाईत आणि फर्निचरच्या धंद्यात ती अजून दिसते. अशा ठिकाणी अपघाताची वही नसते. ज्याचा हात दुखतो तो दोन दिवस घरी बसतो आणि तिसऱ्या दिवशी कामावर येतो.

जुन्या काळात या मारांची नीट विभागणी केलेली नव्हती असं नाही. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात अचानक झालेल्या जखमांचे सहा प्रकार दिले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. कापलेली, आरपार भोसकलेली, टोचलेली, फाटलेली, चेचलेली आणि खरचटलेली. मला या यादीचं विशेष वाटतं ते एवढ्यासाठी, की ती जखमेच्या आकारावर थांबत नाही. शरीरावर कोणत्या प्रकारचं बळ आलं, हे ती विचारते. पिच्चित म्हणजे मार किंवा दाब बसून अंग हाडासकट चेचलं गेलेलं. आजही कारखान्यात रोलरमध्ये सापडलेला हात पाहताना हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो.

आधुनिक काळात अस्थिबंधाच्या इजेची तीन पायऱ्यांची विभागणी रूढ झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये खेळाडूंच्या दुखापतींची प्रमाणित नावं छापली, त्यात ती आहे. दोरखंडाचे काही पीळ सुटावेत तशी पहिली पायरी : दुखतं, थोडं सुजतं, पण सांधा घट्ट असतो. दुसरीत अर्धाअधिक दोर तुटलेला असतो, सांधा थोडा सैल लागतो, पण ओढल्यावर कुठेतरी अडतो. तिसरीत दोर पुरता तुटतो आणि ओढलं तर अडायला काही उरत नाही. पहिल्या पायरीचा माणूस ठोकळमानाने एक-दोन आठवड्यांत चालता होतो, दुसरीला तीन ते सहा आठवडे लागतात, तिसरीला महिने. ऐकायला हे सोपं आहे, पण एक गोष्ट रुग्णाला आणि नव्या डॉक्टरलाही फसवते. पुरता तुटलेला अस्थिबंध ओढून पाहिला तर अर्धवट तुटलेल्यापेक्षा कमी दुखू शकतो, कारण ताण घ्यायला धागाच उरलेला नसतो. “फारसं दुखत नाही, म्हणजे किरकोळ असेल,” हा हिशेब इथे उलटा पडतो. किती दुखतं यावर पायरी ठरवायची नाही. सांधा किती सरकतो यावर ठरवायची.

आता घोटाच जवळून पाहू, कारण या पट्ट्यात सगळ्यात जास्त तोच दाखवायला येतो. पाऊल आत वळून मुरगळलं की बहुधा बाहेरच्या घोट्यापुढचा अस्थिबंध आधी जातो. तो पोटरीच्या बारीक हाडाला पावलाच्या हाडाशी बांधतो. जोर जास्त असेल तर त्याच्यामागचा, टाचेकडे जाणारा अस्थिबंधही जातो. पहिला प्रश्न अर्थातच हाडाचा, आणि त्यासाठी प्रत्येकाचा एक्स-रे काढावाच लागतो असं नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये काही नियम प्रसिद्ध केले. अंगठ्याने बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड खालून सहा सेंटिमीटरपर्यंत दाबत जायचं, टोकही दाबायचं. आतल्या घोट्यालाही तसंच. मग पावलाच्या बाहेरच्या बाजूला करंगळीच्या लांब हाडाचं बूड आणि आतल्या बाजूला नौकेच्या आकाराचं हाड. यातल्या एकाही जागी हाडावर दुखत नसेल, आणि माणूस मार लागल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकू शकला असेल, लंगडत का होईना, तर एक्स-रेची गरज नाही. या नियमांवर पुढे अनेक देशांत अभ्यास झाले. नियमांनी ‘एक्स-रे नको’ म्हटलेल्या शंभर जणांत दोनांपेक्षाही कमी लोकांचं हाड मोडलेलं निघालं. फक्त मधुमेहामुळे ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, जो दारूच्या अमलाखाली आहे, किंवा ज्याला दुसरीकडे त्याहून मोठा मार आहे, त्याच्यावर हा नियम लावायचा नाही. त्याचं ‘दुखत नाही’ हे उत्तर विश्वासाचं नसतं.

हाड शाबूत आहे हे ठरलं, की पुढचा प्रश्न अस्थिबंधाचा. पहिल्या दिवशी सूज इतकी असते आणि रुग्ण पाय इतका आखडून धरतो, की हाताला काही कळत नाही. नेदरलँड्समधल्या व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की हीच तपासणी पाचव्या दिवसाच्या सुमारास केली तर तुटलेला अस्थिबंध शंभरात ९६ वेळा हाताने ओळखता येतो. तोवर सूज उतरलेली असते, काळंनिळं वर आलेलं असतं, दुखरी जागा बोटाएवढी होते. डॉक्टर एका हाताने नडगी धरतात, दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच घेऊन हळूच पुढे ओढतात. पाऊल दुसऱ्या पायापेक्षा जास्त पुढे सरकलं आणि बाहेरच्या घोट्यापुढे खळगा पडला, तर अस्थिबंध तुटला आहे. या तपासणीला पैसे लागत नाहीत, कल्याण-ठाण्याला जावं लागत नाही. लागते ती पाचव्या दिवसाची एक फेरी, आणि तीच होत नाही, कारण “फ्रॅक्चर नाही” ऐकलेला माणूस परत येत नाही. या पुस्तकातून वाचकाच्या मनात एकच गोष्ट राहणार असेल तर ती हीच राहावी : पाचव्या दिवशी परत जा. आणि डॉक्टरांना विनंती, की तो दिवस चिठ्ठीवर तारीख घालून लिहा.

गुडघ्याचं निदान अनेकदा रुग्णाच्या सांगण्यातच असतं. कबड्डी खेळताना, चढाई करून वळताना पाय रोवला, अंग फिरलं, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला, असं कुणी सांगितलं, तर सांध्यात रक्त भरलं आहे आणि पुढचा क्रॉस अस्थिबंध तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली असेल तर विचार गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा करायचा. म्हणून ‘सूज कधी आली’ हा प्रश्न या पुस्तकात वारंवार येतो. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून नडगी पुढे ओढण्याची लॅकमन चाचणी १९७६ पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे आणि अजून ती या अस्थिबंधासाठी सगळ्यात भरवशाची हातची तपासणी मानली जाते.

स्नायूचा मार दोन रस्त्यांनी येतो. एक बाहेरून : फलाटाची कड, गोणी, दरवाजा. त्याला आपण मुका मार म्हणतो. दुसरा आतून : धावताना, उचलताना स्नायू आपल्याच जोराने फाटतो. खेळांच्या वैद्यकात २०१३ च्या म्युनिक एकमताने हा फरक स्पष्ट केला, आणि आतून आलेल्या दुखण्यातही धागे फाटलेले आहेत की स्नायू फक्त थकून, आखडून दुखतो आहे, अशी आधी फोड केली. २०१४ मध्ये ब्रिटिश अॅथलेटिक्सची विभागणी आली. तिच्यात शून्य ते चार अशा पायऱ्यांना जागेचं अक्षर जोडलेलं असतं : स्नायूच्या आवरणालगत, स्नायू आणि कंडरा जिथे मिळतात तिथे, की थेट कंडरेच्या आत. जागेला एवढं महत्त्व का, तर मांस लवकर भरतं आणि कंडरा फार सावकाश. एकाच आकाराची फाट मांसात असली तर खेळाडू काही आठवड्यांत उतरतो, कंडरेत असली तर तेवढ्याच फाटीला कितीतरी जास्त वेळ जातो, आणि घाई केली तर पुन्हा तिथेच फाटतं. आपल्या गल्लीतल्या मुलांसाठी एमआरआय काढून अक्षरं लावणं परवडणारं नाही, हे मला माहीत आहे. पण जागा विचारण्याची सवय फुकट लागते. मांडीच्या मागचा स्नायू फाटलेल्या मुलाला गुडघ्यामागे चार दिवसांनी काळंनिळं दिसतं, तो घाबरतो, तिथे काही लागलं नव्हतं म्हणतो. रक्त वजनाने खाली उतरलेलं असतं. डाग दिसतो तिथे दाबून उपयोग नाही, वर दुखतं ती जागा शोधायची.

कंडरेची एक इजा वारंवार सुटते म्हणून तिचं नाव इथेच घेतो. सुटणारी गाडी पकडायला पन्नाशीकडे झुकलेला माणूस जोरात धावतो आणि टाचेवर कुणी मागून लाथ मारल्यासारखं त्याला वाटतं. मागे वळून पाहतो तर कुणी नसतं. टाचेची जाड कंडरा तुटलेली असते. पाऊल थोडं खाली दाबता येतं, बोटं हलतात, चालताही येतं, म्हणून ‘पोटरीत गोळा आला’ म्हणून त्याला परत पाठवलं जातं. त्याला पालथं झोपवून पोटरी मुठीत दाबायची. निरोगी पायाचं पाऊल दाबताच खाली झुकतं, तुटलेल्याचं हलत नाही. दहा सेकंदांची चाचणी आहे. ती न केल्यामुळे दोन महिने उशिरा शस्त्रक्रिया करावी लागलेले पाय मी पाहिले आहेत.

काही मार मात्र एका क्षणाचे नसतात. उल्हासनगरात जीन्सचं जाड कापड मशीनखाली सरकवणारा कारागीर, धागाकटिंग करणाऱ्या बाया, दिवसभर कात्री चालवणारा कटिंगवाला यांच्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखणं येतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं तर माणूस ओरडतो. फ्रिट्झ द केर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. कंडरा ज्या बोगद्यातून जाते तो आतून जाड होतो आणि तिला जागा पुरत नाही. बाळाला सतत काखेत हात घालून उचलणाऱ्या बाळंतिणींनाही हे होतं. अपघाताची तारीख नसल्यामुळे या दुखण्याला दुखापत असं कुणी म्हणतच नाही, आणि कामगाराला रजाही मिळत नाही. माझ्या मते या पट्ट्यातलं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं हेच आहे, आणि म्हणून त्याचं प्रकरण घोट्याच्या प्रकरणाइतकंच मोठं ठेवलं आहे.

घरगुती उपायांबद्दल लिहिताना मी त्यांची टवाळी करणार नाही. आंबेहळदीचा लेप, लेपगोळी उगाळून लावणं याने साध्या मुक्या मारात नुकसान होत नाही, कातडी फाटलेली नसेल तर. भीती चोळण्याची आहे. मांडीला किंवा कोपराला जबर मार लागून आत रक्त साकळलं असेल आणि पहिल्या दिवसांत कुणी तेल लावून रगडलं, सांधा जोराने वाकवला, तर त्या स्नायूत हाड तयार होऊ लागतं. लहान मुलांच्या कोपरात हे होतं आणि हात अर्ध्यावर अडकतो. दुसरी भीती बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधण्याची. घट्ट पट्टीखाली हाताचा रक्तपुरवठा तुटून बोटं कायमची आखडतात, हे रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये लिहून ठेवलं. बांधलेल्या हाताची बोटं सुजून निळी किंवा पांढरी पडली, सुन्न झाली, सरळ करताना मूल किंचाळलं, तर पट्टी त्याच घटकेला सोडायची. विचारायला जायला वेळ नसतो.

हाच धोका पट्टीशिवायही येतो. नडगीचे आणि कोपराखालचे स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत रक्तस्राव झाला, सूज आली की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायू गुदमरतो. बाहेर जखम दिसत नाही, एक्स-रे चांगला, मनगटाची नाडीही लागते, आणि तरी रुग्ण असह्य दुखतंय म्हणतो, इंजेक्शनाने थांबत नाही, बोटं ताणली की कळ वाढते. अशा वेळी सहा तासांच्या आत आवरण कापून दाब सोडवावा लागतो. अंग दबून स्नायू चिरडला तर धोका थेट जिवाला असतो. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये एका महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. ढिगाऱ्याखाली हातपाय दाबून राहिलेल्या माणसाला बाहेर काढलं की धोका टळतो असं आपण समजतो. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ मध्ये, बायवॉटर्स आणि बील यांनी असे रुग्ण पाहिले. सुटका झाल्यावर ते बोलत होते, मग मूत्रपिंडं बंद पडून दगावले. चिरडलेल्या स्नायूतला रंगद्रव्याचा गाळ रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो. म्हणून शिरेतून सलाईन ढिगाऱ्यात असतानाच सुरू करावं लागतं. जुन्या इमारतींच्या शहरात अग्निशमन दलाच्या प्रत्येक जवानाला हे पाठ असायला हवं.

रेल्वेशी बांधलेली आणखी एक इजा आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक मोरेल-लाव्हाले यांनी १८५३ मध्ये चालत्या आगगाडीतून पडलेल्या माणसात ती प्रथम वर्णन केली. शरीर घसटत जातं तेव्हा कातडी आणि चरबी एकीकडे ओढली जाते, स्नायूचं आवरण जागीच राहतं, आणि दोन्हींच्या मध्ये पोकळी होऊन तीत रक्त आणि पाणी साठतं. वरून फक्त खरचटलेलं असतं. काही दिवसांनी खुब्याच्या बाजूला लिबलिबीत, हाताने हलणारी सूज दिसते. गळू समजून चीर दिली तर संसर्ग होतो. गाडीतून किंवा दुचाकीवरून पडून घसटलेल्या प्रत्येकाची मांडी आणि खुबा दुसऱ्या आठवड्यात पुन्हा हाताळून पाहावा. सोनोग्राफीत पोकळी चटकन दिसते.

हाडासकट मांस उघडं पडलेल्या मोठ्या जखमांची विभागणी या पुस्तकात थोडक्यात आहे, कारण त्या उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातून बहुधा पुढे मुंबईला जातात. गस्टिलो आणि अँडरसन यांची १९७६ ची तीन प्रकारांची विभागणी जगभर चालते. कातडी न फाटता हाड मोडलं असेल तेव्हा वरच्या मांसाची अवस्था मोजायला हॅनोव्हरच्या चेर्ने यांची १९८२ ची शून्य ते तीन अशी पद्धत आहे. पण आपल्या वाचकाने कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचं नाव जरूर लक्षात ठेवावं. तिथे एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी कातडी, हाड आणि स्नायू-कंडरा-नसा यांना वेगवेगळे गुण देणारी मोजणी तयार केली आणि २००६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आली. चौदापर्यंत गुण असतील तर पाय वाचवायचा प्रयत्न करावा, सतरा किंवा जास्त असतील तर तो ठेवून भलं होण्याची आशा नसते, मधल्यांसाठी अनुभवी डोळा लागतो. पाय कापायचा की ठेवायचा हा निर्णय घाबरलेल्या नातेवाइकांसमोर घेताना असं काही हाताशी असणं किती मोलाचं आहे, हे त्या खोलीत उभं राहिलेल्यालाच कळतं.

सोनोग्राफी आणि एमआरआयबद्दल दोन शब्द. सोनोग्राफी स्वस्त आहे, स्नायू हलवत पाहता येतो, पण करणाऱ्याचा हात चांगला लागतो. एमआरआय सगळंच दाखवतो, आणि तीच अडचण आहे. साठीच्या पुढच्या अनेक माणसांच्या खांद्यात कंडरेला फाट असते आणि त्यांचा खांदा कधी दुखलेलाही नसतो. अहवालात ‘टेअर’ वाचून घाबरलेल्या माणसाला मी आधी सांगतो, की कागद बाजूला ठेवा, हात वर करून दाखवा. हाताने सापडलेलं आणि चित्रात दिसलेलं जुळलं तरच ते निदान.

उपचारांची प्रकरणं मी आखडती ठेवली आहेत. विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच, हा सल्ला गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केला आणि पुढे बर्फाबद्दल स्वतःच मत बदललं. आता जोर आहे तो थोड्या दिवसांच्या सांभाळण्यानंतर हळूहळू भार टाकण्यावर. फाटलेल्या जागी आधी कच्चे धागे येतात आणि ते ताण मिळेल त्या दिशेने महिनोन्‌महिने रचले जातात. पूर्ण पडून राहिलं तर ते वेडेवाकडे बसतात.

शेवटचं प्रकरण कायद्याचं आहे, आणि ते वगळावं असं काहींनी सुचवलं होतं. मी ते ठेवलं. अंबरनाथच्या छाया रुग्णालयात किंवा बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात मारहाणीचा किंवा अपघाताचा रुग्ण येतो तेव्हा डॉक्टरला प्रमाणपत्रावर ‘साधी’ किंवा ‘गंभीर’ दुखापत लिहावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. हाड मोडलं किंवा निखळलं की ती आपोआप गंभीर ठरते, मग ते करंगळीचं का असेना. गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंध मात्र त्या यादीत नावाने नाही. तो गंभीर ठरतो तो सांध्याची शक्ती कायमची कमी झाली तर, किंवा माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला अथवा नेहमीची कामं करू शकला नाही तर. जुन्या दंडविधानात ही मुदत वीस दिवसांची होती. कायमची हानी आणि पंधरा दिवसांची मुदत, या दोन्ही गोष्टी पहिल्या रात्री ठरूच शकत नाहीत. एक्स-रे चांगला म्हणून त्याच रात्री ‘साधी दुखापत’ असा शिक्का पडला, तर पुढे एमआरआयमध्ये तुटलेला अस्थिबंध दिसूनही त्या रुग्णाची केस कोर्टात लंगडी पडते. म्हणून त्या प्रकरणात प्रमाणपत्राचा एक नमुना दिला आहे : मार कुठे, कशाने, किती लांब-रुंद, कोणता रंग, कोणता सांधा किती सरकतो, आणि शेवटी ‘अंतिम मत पुन्हा तपासणीपर्यंत राखून ठेवले आहे’, पुढे त्या तपासणीची तारीख.